कळणे, समजणे आणि ओळखणे : जोसेफच्या बोलीच्या निमित्ताने

१८५० च्या सप्टेंबर महिन्यात शार्लट ब्राँटीने आपल्या प्रकाशनसंस्थेचे साहित्यसल्लागार डब्ल्यू. एस. विल्यम्स ह्यांना लिहिलेल्या पत्रात एक निर्णय कळवला आहे. धाकटी बहीण एमिली हिच्या मृत्यूला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती आणि 'वदरिंग हाइट्स' (१८४७) ह्या तिच्या एकमेव कादंबरीची नवी आवृत्ती शार्लटच्या हातून सिद्ध होत होती. निर्णय असा की, कादंबरीतला म्हातारा नोकर जोसेफ ह्याच्या तोंडच्या भाषेचे वर्णलेखन सौम्य करावे. कारणही तिने स्पष्ट दिले आहे. आहे ते लेखन यॉर्कशरच्या कानाला बिनचूक वाटेल, पण दक्षिणेकडच्या वाचकांना ते मुळीच कळणार नाही. आणि मग पुस्तकातले एक अतिशय ठसठशीत पात्र त्यांच्यापुरते वाया जाईल. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ही आवृत्ती निघाली आणि पुढे दीर्घकाळ असंख्य वाचकांनी जोसेफला ऐकले ते शार्लटने सौम्य केलेल्या आवाजात.

पाठचिकित्सेचा प्रश्न म्हणून हे प्रकरण आता जवळजवळ मिटलेले आहे. १९७६ च्या क्लॅरेंडन आवृत्तीने १८४७ ची संहिता आधाराला घेतली. त्याआधी १९७० मध्ये के. एम. पेटिट ह्यांनी एमिलीचे लेखन हॉवर्थच्या प्रत्यक्ष बोलीशी ताडून पाहिले आणि ते बव्हंशी विश्वसनीय असल्याचे दाखवून दिले. नैतिक प्रश्न म्हणून मात्र ते मिटलेले नाही. दुसऱ्याचे बोलणे आपल्याला कळत नाही, तेव्हा कोणाचे काय चुकलेले असते? ते कळावे म्हणून झिजायचे कोणी, बोलणाऱ्याने की ऐकणाऱ्याने? आणि 'कळले' असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय घडलेले असते?

शार्लटने केलेले बदल नीट पाहिले तर तिच्या मनातली एक विभागणी ध्यानात येते. लॉकवुड दुसऱ्यांदा हाइट्सला येतो तेव्हा जोसेफ त्याला खेकसून वाट सांगतो. त्या दोनतीन वाक्यांत 'डाउन' ह्या शब्दाचा एमिलीने लिहिलेला 'डाऽन' शार्लटने पुन्हा 'डाउन' केला, 'राऽन्ड'चे 'राउंड' केले, 'गोअ'चे 'गो' केले. पण त्याच ठिकाणी आलेला 'लेथ' हा शब्द तिने तसाच राहू दिला. लेथ म्हणजे धान्य साठवण्याचे कोठार. हा शब्द स्कँडिनेव्हियन वसाहतकारांच्या भाषेतून उत्तर इंग्लंडात उतरलेला आहे आणि लंडनच्या वाचकाला तो ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणजे अपरिचित शब्द राहिला आणि परिचित शब्दाचा अपरिचित उच्चार गेला. शब्द ही भाषेची संपत्ती आणि उच्चार हा तिच्यावर बसलेला धुरळा, अशी काहीशी समजूत ह्यामागे असावी. अपरिचित शब्दाला आपण तळटीप देतो, त्याचा मान राखतो. परिचित शब्दाच्या निराळ्या उच्चाराला मात्र 'बिघडलेला' म्हणतो.

ही विभागणी तिथल्या तिथेच कोसळते. त्याच वाक्यात जोसेफ 'टुल' म्हणतो आणि शार्लट त्याचे 'टू' करते. तिला बहुधा वाटले असेल की आपण फक्त स्पेलिंग सरळ केले. प्रत्यक्षात 'टुल' हा 'टू'चा वाकडा उच्चार नव्हेच. तो 'टिल' हा वेगळा शब्द आहे, 'कडे, प्रत' ह्या अर्थाचा, आणि तोही स्कँडिनेव्हियन वारशाचा. उच्चार झाडायला घेतलेल्या केरसुणीखाली एक शब्दही गेला. बोलीत उच्चार कोठे संपतो आणि शब्द कोठे सुरू होतो हे बाहेरच्याने ठरवू जाणे किती धोक्याचे आहे, हे ह्या एका अक्षरबदलावरून दिसते. आणि इथे 'बाहेरची' कोण, तर हॉवर्थच्याच धर्मगुरुनिवासात वाढलेली, लेखिकेची सख्खी बहीण.

शार्लटला दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. आपल्या मृत बहिणीचे पुस्तक वाचले जावे ही तिची तळमळ होती आणि समीक्षकांनी त्या पुस्तकावर रानटीपणाचा शिक्का मारलेला होता. पण तिच्या युक्तिवादातला एक शब्द विचार करायला लावतो. पात्र वाया जाईल, असे ती म्हणते. म्हणणे वाया जाईल, असे म्हणत नाही. जोसेफ वाचकाला *दिसावा* ही तिची चिंता आहे. कुरकुरणारा, बायबल बडवणारा, दुसऱ्यांच्या नरकवासाची खात्री बाळगणारा यॉर्कशरी म्हातारा डोळ्यांपुढे उभा राहावा एवढ्यापुरती त्याची बोली शिल्लक ठेवायची, आणि तो काय बोलतो आहे हे समजून घेण्याचे कष्ट पडू नयेत एवढी ती कमी करायची.

येथे मराठीतील तीन क्रियापदांचा आधार घ्यावासा वाटतो. 'मला कळले' असे आपण म्हणतो; 'मी कळलो' म्हणत नाही. कळण्याच्या क्रियेत 'मी' कर्तेपणाने उभा नसतो. कळणे त्याच्याकडे येते. 'मी ओळखले' ह्यात मात्र 'मी' हा सरळ कर्ता आहे: माझ्यापाशी आधीपासून असलेल्या खुणांशी समोरची वस्तू मी जुळवून पाहतो आणि तिला तिच्या खणात ठेवतो. 'समजणे' हे ह्या दोहोंच्या मध्ये, आणि म्हणूनच फसवे. 'मला समजले' म्हणजे अर्थ पोचला. 'मी तसे समजलो' म्हणजे मी आपला एक अर्थ धरून चाललो. व्याकरणातून तत्त्वज्ञान काढण्याची हौस घातक असते हे मान्य करूनही म्हणावेसे वाटते की, बोलीच्या आकलनाचा सारा नैतिक पेच ह्या तीन क्रियापदांच्या अंतरात सामावला आहे. बोली ऐकताना ओळखणे चटकन होते, समजणे त्याच्या पाठोपाठ येते. आणि ही दोन्ही झाल्यामुळे कळणे राहून गेले आहे हे ध्यानातही येत नाही.

'समजण्या'चे उदाहरण कादंबरीतच आहे, आणि ते जोसेफच्या संवादांत नाही, म्हणून अधिक बोलके आहे. तिसाव्या प्रकरणात नवऱ्याच्या मृत्यूनंतर कित्येक दिवस वरच्या खोलीत काढलेली तरुण कॅथरिन खाली येते. हेअरटन उठतो, तिला शेकोटीजवळ यायला सांगतो. ती नक्कीच 'स्टार्व्ड' असणार, असे त्याला वाटते. आपण इंग्रजी शिकलेले वाचक येथे अडत नाही. स्टार्व्ड म्हणजे उपाशी, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. भुकेलेल्या माणसाला जेवण न देता शेकोटीजवळ का बोलावतात, हा प्रश्नही सहसा पडत नाही. उत्तर इंग्लंडच्या बोलींत 'स्टार्व्ड' म्हणजे थंडीने गारठलेला. मूळ जुन्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ नुसता 'मरणे' असा होता. जर्मन 'श्टेर्बेन' मध्ये तो अजून आहे. दक्षिणेने तो भुकेने मरण्यापुरता आक्रसला, उत्तरेने थंडीने मरण्यापुरता. दोन्ही संकोच सारखेच ऐतिहासिक, पण एकाला 'अर्थ' म्हणतात आणि दुसऱ्याला 'बोलीतला अर्थ'.

कॅथरिन उत्तर देते की महिना उलटून गेला, आपण तशाच आहोत. आणि हे सांगणारी झिला नोंदवते की, तिने त्या शब्दावर तुच्छतेने जोर दिला. कशाबद्दल ही तुच्छता? इतके दिवस गारठत असताना कोणी फिरकले नाही, आणि आता ही कळकळ, म्हणून? की हेअरटनच्या गावंढळ शब्दाची ती नक्कल आहे? की तोच शब्द ती आपल्या पुस्तकी अर्थाने उलटवते आहे, गारठलेली नव्हे, सर्वच बाबतींत उपाशी? ह्या तिन्ही शक्यता एकाच वेळी जिवंत राहणे हेच त्या उत्तराचे बळ आहे. 'उपाशी' एवढाच अर्थ धरून चालणाऱ्याला त्यातले काहीही मिळत नाही. आणि आपल्याला काही मिळाले नाही, हेही त्याला कळत नाही. श्लायरमाखरने अर्थनिर्णयनाच्या काटेकोर पद्धतीचा पाया म्हणून जे गृहीत धरले होते, की गैरसमज आपोआप होतो आणि समज मात्र पदोपदी प्रयत्नाने मिळवावी लागते, त्याला ह्याहून चांगला दाखला शोधूनही सापडायचा नाही. जोसेफच्या 'फ्लेसम' (भयंकर) किंवा 'नीव्ह' (मूठ) ह्यांसारख्या शब्दांपाशी आपण निदान थांबतो, शब्दार्थसूची उघडतो. न कळणे तेथे प्रामाणिक असते. धोका आहे तो ओळखीच्या चेहऱ्याच्या शब्दांत.

कादंबरीत कोण कोणाचे बोलणे कसे ऐकतो, इकडे आता वळू. शीर्षकातला 'वदरिंग' हा शब्दच प्रांतिक आहे, आणि आरंभीच त्याचा अर्थ सांगतो तो दक्षिणेतून आलेला भाडेकरू लॉकवुड. पुढची बरीचशी कहाणी नेली डीन सांगते. ती ह्याच मुलुखात वाढलेली मोलकरीण, पण बोलते जवळजवळ प्रमाण इंग्रजीत. ग्रंथालयातले प्रत्येक पुस्तक आपण चाळले आहे असे एमिलीने तिच्याकडून वदवून घेतले आहे. कथन प्रमाणभाषेत आणि बोली अवतरणचिन्हांत, ही व्यवस्था मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. आपल्या ग्रामीण कादंबरीचा मोठा भाग तिच्यावरच उभा आहे. पण एमिली ह्या व्यवस्थेचा उपभोग घेता घेता तिची किंमतही दाखवते. एकविसाव्या प्रकरणात दारावरचा कोरीव लेख हेअरटनला वाचता येत नाही. आजारी, शहरी लिंटन खिदळतो आणि त्याच्या यॉर्कशरी उच्चाराची कॅथरिनपाशी टवाळी करतो. त्या दारावर काय कोरले आहे, हे वाचकाला पहिल्या प्रकरणापासून माहीत आहे: १५०० हे साल आणि 'हेअरटन अर्नशॉ' हे नाव. घर ज्याच्या नावाचे, त्याला ते नाव वाचता येत नाही. आणि ज्याला वाचता येते तो उच्चारावर हसतो. लिंटनला हेअरटनचे म्हणणे कळलेले आहे, शब्दन् शब्द कळलेला आहे. तरीही तो उत्तर देतो ते म्हणण्याला नव्हे, उच्चाराला.

शेवटाकडे हेअरटन वाचायला शिकतो आणि ह्या सुखान्ताचे दृश्य म्हणजे उच्चाराची दुरुस्ती आहे: 'कॉन्ट्ररी' हा शब्द कॅथरिन त्याच्याकडून पुनःपुन्हा म्हणवून घेते. हे दृश्य गोड आहे, त्याच्या गोडव्याला मी नाकारू इच्छित नाही. पण प्रेमाची अट म्हणून एकानेच आपली जीभ बदलायची असते, ही गोष्टही त्यात आहे. बदलत नाही तो जोसेफ. त्याचे बोलणे कोणी दुरुस्त करत नाही, कारण त्याच्याशी कोणाला नाते जोडायचे नाही. कादंबरीच्या आत जे कोणी केले नाही ते शार्लटने बाहेरून केले.

ह्या म्हाताऱ्याच्या भाषेत मराठी वाचकाला सहज पकडता येणारी एक गोष्ट आहे. लापशीच्या प्रसंगी तो हेअरटनशी बोलतो ते 'दाउ' म्हणून, आणि इझाबेला किंवा लॉकवुड ह्यांच्याशी मात्र 'यी'. प्रमाण इंग्रजीच्या व्यवहारातून तू-तुम्हीचा हा भेद गेलेला होता. बायबल आणि काव्य ह्यांपुरता उरलेला 'दाउ' लंडनच्या वाचकाला गंभीर, प्रार्थनेतला वाटण्याची शक्यता अधिक. आपल्याला तो 'तू' म्हणून ऐकू येतो, आणि ह्या खडूस माणसाने त्या पोरक्या मुलावर सांगितलेला हक्कही त्या 'तू'मधून ऐकू येतो. परकेपणा नेहमी तोट्याचाच असतो असे नाही.

हेअरटनचा दुसरा शेवट शक्य होता, आणि तो इतिहासात घडला. ब्रॅडफर्डच्या परिसरात, हॉवर्थपासून फार दूर नव्हे, १८५५ मध्ये जन्मलेला जोसेफ राइट लहानपणापासून कष्टाची कामे करत होता. सॉल्टेअरच्या गिरणीत तो राबला. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हते. पुढे हायडेलबर्गची डॉक्टरेट, ऑक्सफर्डमध्ये तौलनिक भाषाशास्त्राची प्राध्यापकी. त्याने १८९२ मध्ये आपल्या विंडहिल ह्या गावच्या बोलीचे व्याकरण लिहिले आणि १८९८ ते १९०५ ह्या काळात सहा खंडांचा इंग्रजी बोलीकोश संपादित केला. विंडहिलचे व्याकरण लिहिणे म्हणजे काय करणे होते? जे सर्वांना चुकांचा ढिगारा वाटत होते, त्यात नियम आहेत हे दाखवणे. यॉर्कशरच्या बोलीत निश्चित उपपद आक्रसून नुसता 'ट्' उरतो, पुष्कळदा तर घशात क्षणभर अडलेला श्वास. परक्याला वाटते, उपपद गाळले. बोलणाऱ्याच्या दृष्टीने ते तेथे आहे. न ऐकू येणे आणि नसणे ह्यांतला हा फरक व्याकरणाने सिद्ध होतो. प्रेमाने तो सिद्ध होईलच असे नाही, हे कॅथरिनच्या शिकवणीवरून दिसते.

राइटपासून निघालेली परंपरा पुढे लीड्स विद्यापीठात हॅरल्ड ऑर्टनच्या सर्वेक्षणापर्यंत पोचली. १९५० ते १९६१ ह्या काळात ३१३ ठिकाणी, मुख्यतः खेड्यांतल्या वृद्धांना, तेराशेहून अधिक प्रश्न विचारले गेले. कोणता स्वर कोठवर पसरला आहे, कोणत्या ओढ्यापलीकडे बदलतो, ह्याची माहिती इतकी सूक्ष्म झाली की प्रशिक्षित कान आवाजावरून गाव सांगू शकावा. म्हणजे ओळखण्याची विद्या पूर्णत्वाला गेली. तिचे पुढे काय झाले हे सांगताना साहित्याच्या चर्चेतून एका भीषण वास्तवाकडे जावे लागते. तुलना अवजड वाटेल. पण 'उच्चार समजला म्हणजे काय समजले' हा प्रश्न ह्याहून कठोरपणे कोठे विचारला गेल्याचे मला माहीत नाही.

१९७५ पासून यॉर्कशर व आसपास स्त्रियांचे खून होत होते. जून १९७९ मध्ये तपास अधिकाऱ्यांना एक ध्वनिफीत आली. आपण खुनी आहोत असे सांगणारा तो आवाज ईशान्य इंग्लंडचा होता. ऑर्टनच्या सर्वेक्षणात काम केलेले स्टॅन्ली एलिस आणि त्यांचे सहकारी ध्वनिशास्त्रज्ञ जॅक विंडसर ल्युइस ह्यांनी ती ऐकून आवाज सुंदरलँड शहराच्या विशिष्ट भागातला असल्याचे सांगितले. हे निदान अचूक होते. २००५ मध्ये जनुकीय पुराव्यावरून फीत पाठवणारा सापडला आणि २००६ मध्ये त्याला शिक्षा झाली. तो सुंदरलँडचाच निघाला. पण तो खुनी नव्हता. खुनी पीटर सटक्लिफ हा यॉर्कशरचाच, ब्रॅडफर्डचा रहिवासी. पोलिसांनी त्याची वारंवार चौकशी केली होती. मात्र ईशान्येचा उच्चार नाही ही संशयितांना वगळण्याची एक कसोटी ठरली होती. जानेवारी १९८१ मध्ये तो पकडला जाईपर्यंत, फीत आल्यानंतर, आणखी तीन स्त्रियांचे खून झाले.

ह्या प्रकरणात दोष भाषाशास्त्राचा नव्हता. ही फीत बनावट असू शकेल असा इशारा त्या दोघांनीही दिला होता. आवाज कोठला, हे एक विधान. आवाज सांगतो ते खरे आहे काय, हे दुसरे. कानाच्या शास्त्राने हा भेद पाळला, तपासयंत्रणेने पाळला नाही. ओळख इतकी निःसंशय होती की बोललेल्या वाक्यांची परीक्षाच मंदावली. लिंटन हेअरटनच्या बाबतीत जे चेष्टेने करतो, त्याचेच हे गंभीर, शासकीय रूप आहे: माणूस काय म्हणतो ह्याच्या जागी माणूस कोठला हे ठेवणे. पहिल्यात तुच्छता होती, दुसऱ्यात आत्यंतिक आस्था; अदलाबदल एकच.

म्हणून 'बोलीभाषकाविषयी सहानुभूती बाळगा' असा उपदेश ह्या प्रश्नाला पुरा पडत नाही. शार्लटची सहानुभूती होती, कॅथरिनचे प्रेम होते, तपास अधिकाऱ्यांची तळमळ होती. गाडामरने समजण्याची अट म्हणून जी सांगितली आहे, की समोरची संहिता आपल्याला काही सांगू शकेल ह्यासाठी आपण सिद्ध असले पाहिजे, ती निराळ्या प्रकारची आहे. ती भावनेची नाही. ज्याचे बोलणे मी ऐकतो आहे त्याचे म्हणणे माझ्याविरुद्ध खरे असू शकेल, हे मान्य करण्याची ती अट आहे. जोसेफसारख्या अप्रिय माणसाच्या बाबतीत ती पाळणे सर्वांत कठीण. तो ढोंगी आहे, क्रूर आहे; त्या घरात काय चालले आहे ह्याविषयी तो वारंवार बरोबरही आहे.

आमच्या विद्यापीठांतून ही कादंबरी वर्षानुवर्षे शिकवली गेली आहे. 'जोसेफच्या व्यक्तिरेखेचे प्रयोजन' ह्या प्रश्नाचे उत्तर पाठ असलेले, पण त्याची वाक्ये गाळून वाचलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. मीही एकेकाळी त्यांपैकीच होतो. आमच्याकडे दक्षिणेचा कान नव्हता, उत्तरेचाही नव्हता, फक्त छापील इंग्रजीचा डोळा होता. त्याला जोसेफची पाने ही मजकुरातली खडी वाटत. ह्याच्या उलट आपल्याच भाषेतला एक प्रसंग आठवतो. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला (१९७२) प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांनी त्यातले अनेक शब्द आपल्याला कळले नसल्याचे मोकळेपणाने सांगितले. त्यांनी शब्द बदलायला सुचवले नाही. ते शब्द ज्या वस्तीत बोलले जात होते ती ढसाळांबरोबर जाऊन पाहिली. ह्यात 'गोलपिठा' पूर्ण कळण्याची हमी नव्हती. पण झीज कोणी सोसायची, ह्याचा निर्णय शार्लटच्या उलट दिशेने झाला होता.

तरी ह्या मार्गालाही सीमा आहे, आणि ती एमिलीने चौथ्याच प्रकरणात आखून ठेवली आहे. लिव्हरपूलच्या रस्त्यावरून उचलून आणलेले काळेसावळे मूल अर्नशॉ घरातल्या माणसांपुढे उभे करतात. ते पुनःपुन्हा काहीतरी बोलते. नेली सांगते की ती अगम्य बडबड कोणालाही कळली नाही. ज्यांची स्वतःची भाषा लंडनला अगम्य वाटणार होती, त्यांनी ह्या मुलाच्या भाषेला हे नाव दिले. ती आयरिश होती, जिप्सींची होती, की समुद्रापलीकडची, ह्यावर समीक्षकांनी पुष्कळ तर्क केले आहेत. राइटच्या सहा खंडांत तिचा पत्ता लागणार नाही, ऑर्टनच्या ३१३ गावांतही नाही. जोसेफची कुरकुर एमिलीने स्वरास्वरासह उतरवून ठेवली. हीथक्लिफ त्या रात्री काय म्हणत होता, त्यातला एकही ध्वनी नेलीने सांगितलेला नाही आणि लॉकवुडने तिला विचारलेला नाही.